अकरावीचं वर्ष वाया घालवू नका

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या रस्त्यांवर बॅगा घेतलेली मुलं आणि खोली शोधणारे पालक दिसू लागतात. ‘लातूर पॅटर्न’नं या शहराला नाव मिळवून दिलं, डॉक्टर-इंजिनिअर होण्याची तयारी अकरावीपासूनच करायची, हे महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलं.

याला आधार आहे. ‘नीट’मध्ये 720 गुणांच्या 180 प्रश्नांत अकरावी-बारावी या दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण कापला जातो. राज्याच्या सीईटीत मात्र सुमारे 80 टक्के भार बारावीवर असतो, अकरावीवर 20 टक्के, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे परीक्षा कोणती द्यायची, त्यावर तयारीची चाल ठरते. अनेक घरांत हा विचार न होताच क्लासची फी भरली जाते, हे खटकतं.

तयारी लवकर सुरू करावी, पण लवकर म्हणजे किती लवकर? सहावी-सातवीतल्या मुलांना ‘फाउंडेशन’च्या नावाखाली जुंपणं चूकच. केंद्र सरकारच्या जानेवारी 2024च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग संस्थांनी 16 वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये. त्या वयात गणिताची गोडी लागावी, प्रयोग हातानं करून पाहावेत, भरपूर वाचावं.

खरी घसरण अकरावीत होते. दहावीचा ताण उतरलेला असतो, बोर्ड लांब असतं आणि गतीचे नियम, मोलची संकल्पना कच्ची राहते. पालकांनो, फी भरण्याआधी मुलासोबत बसून, तो देणार असलेल्या परीक्षेची एक जुनी प्रश्नपत्रिका नक्की पाहा.