यकृतातली गाठ कापावी का?

स्तनाचा कर्करोग यकृतात पसरला असे कळले, की घरातली वडीलधारी माणसे पहिल्यांदा एकच विचारतात, "डॉक्टर, तेवढी गाठ कापून काढता नाही का येणार?" प्रश्न मायेचा आहे. पण त्याचे उत्तर नीट समजून न घेतल्याने एखाद्या घराची जमीन गहाण पडते.

यकृत म्हणजे उजव्या बरगड्यांखालचा, सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. खाटकाकडे कलेजी मिळते, तीच ही. निरोगी यकृताचा निम्मा भाग काढला तरी उरलेला भाग वाढतो आणि ती उणीव बरीचशी भरून काढतो. म्हणजे कापणे अशक्य नाही. मग डॉक्टर थांबतात का?

कारण रक्ताच्या वाटेत आहे. आतड्याकडचे रक्त आधी सरळ यकृतात जाते. म्हणून आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा तिथेच अडकतात, आणि तेवढा भाग काढल्याने काही रोगी बरेही होतात. स्तनाकडचे रक्त मात्र हृदय-फुप्फुसांतून फिरून अंगभर जाते. यकृतात गाठ दिसली, तर इतरत्रही पेशी पोचल्या असण्याचा संभव मोठा. गाजरगवताचे एक झुडूप उपटले, म्हणून रानभर पडलेले बी थोडेच नाहीसे होते? तिथे अंगभर पोचणारे औषधच मुख्य.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २००५ ते २०१३ या काळात, रोग इतरत्र पसरलेल्या ३५० स्त्रियांवर एक चाचणी केली. औषधाचा गुण आल्यावर निम्म्यांची स्तनातली मूळ गाठ काढली, निम्म्यांची ठेवली. आयुष्यमान दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहिले.

यकृतावरच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो, पण निवडक रोग्यांत. गाठी एक-दोनच हव्यात, रोग इतरत्र नको, औषध लागू पडलेले हवे आणि प्रकृती धडधाकट हवी. तरीही तिने आयुष्य वाढते, हे मोठ्या तुलनात्मक चाचणीने सिद्ध झालेले नाही.

तेव्हा मंडळी, पैसा उभा करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. यकृतातल्या गाठीचा तुकडा सुईने काढून तपासला का? त्याला कोणते औषध चालेल? शस्त्रक्रियेने नेमके काय साधणार?

आणि शिक्षकबंधूभगिनींनो, गावातल्या बायकांना एवढे जरूर सांगा : गाठ स्तनात आहे तोवरच शस्त्रक्रियेचा खरा उपयोग. दुखत नाही म्हणून ती लपवू नका, लगेच दाखवा.