दोन फरशांवरचा व्यायाम

‘डॉक्टर, व्यायामाला घरात जागाच नाही,’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. अशांना मी ‘बाल्बोआ’ नाचाची माहिती देतो. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील बाल्बोआ द्वीपकल्पाच्या परिसरात १९२०-३०च्या दशकांत हा नाच रुजला. नृत्यगृहांत गर्दी इतकी की हातपाय झाडायला जागा नसे. म्हणून जोड्या छातीला छाती भिडवून, पावले जमिनीलगत सरकवत स्विंग संगीतावर नाचू लागल्या.

मूळ आवर्तन आठ ठेक्यांचे. डावा पाय मागे, उजवा शेजारी, डावा जागीच; चौथ्याला थांबा. मग उजवा पुढे, डावा शेजारी, उजवा जागीच; आठव्याला थांबा. समोरच्याने उजव्या पायाने पुढे येत सुरुवात करावी. पाऊल लहान, गुडघे किंचित सैल, भार टाचेऐवजी चवड्यावर. उड्या नाहीत.

यात दर पावलाला शरीराचा भार या पायावरून त्या पायावर जातो. तोल सांभाळण्याची हीच सवय उतारवयात कामी येते. पडून खुब्याचे हाड मोडले की धडधाकट माणूसही अंथरुणाला खिळतो. पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुचवले आहे.

संकोच वाटत असेल तर जड खुर्चीची पाठ धरून एकट्याने, सावकाश करा. ओली फरशी व घसरणाऱ्या चपला टाळा. चक्कर, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.