वऱ्हाडची शीळ

कामरगाव, कारंजा, मेहकर, खामगाव ही नावे कानी आली म्हणजे पुण्या-मुंबईच्या रसिकांस कापूस आठवतो, गाणे आठवत नाही. परंतु मराठी भावगीताची पहिली लोकप्रिय तबकडी या वऱ्हाडच्याच मातीतून उगवली. शब्द ना. घ. देशपांडे यांचे, ते मेहकरचे वकील. गळा जी. एन. जोशी यांचा, ते जन्माने खामगावचे आणि विद्येने तेही वकीलच! १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘शीळ’ ही कविता तबकडीवर आली आणि घरोघरी गुणगुणली जाऊ लागली.

तत्पूर्वी कविता गाण्याचा प्रघात नव्हता असे मात्र नव्हे. १९२३ साली पुण्यास स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता सभांतून चालीवर म्हणत असत. ते धड गाणे नव्हे, धड बोलणेही नव्हे. सुरांचा हात धरून शब्दांनी चालावे, एवढाच त्यातला बेत. गवयांस हे पोरकट वाटे. आम्हांस मात्र त्यातच खरी गोडी दिसते, कारण तेथे तानेखाली शब्द चिरडत नाही. शिवाय १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण सुरू झाले. पूर्वी कर्ण्यासमोर खड्या आवाजात ओरडून गावे लागे. आता हळुवार, जवळ बसून बोलल्यासारखा स्वरही टिपला जाऊ लागला. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. म्हणून चारदोन कडव्यांतच भाव उभा करावा लागे.

अमेरिकेत हँक विल्यम्स या ग्रामीण गायकाने १९५० पासून निव्वळ बोललेल्या बोधपर तबकड्या काढल्या, त्या ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या टोपणनावाने. कारण उपाहारगृहांतील वाद्ययंत्रांसाठी तबकड्या घेणाऱ्यांस त्याच्या नावाखाली गाणेच हवे असे. शब्दास स्वतंत्र मान मिळविणे तिकडेही सोपे नव्हते.

आपल्याकडे गायक ध्यानात राहिला, कवी मागे पडला. ‘शीळ’ हा देशपांडे यांचा पहिला संग्रह निघाला तो १९५४ साली, म्हणजे तबकडीनंतर सुमारे वीस वर्षांनी! साहित्य अकादमीने ‘खूणगाठी’स पुरस्कार दिला तो १९८६ साली.

ज्यांच्या माळ्यावर अशा तबकड्या अजून असतील त्यांनी त्या स्पिरिटाने पुसू नयेत, त्यातील लाख विरघळते. त्या उभ्या ठेवाव्यात, आणि वेष्टणावर गायकाशेजारी कवीचेही नाव लिहावे.