आजारी मुलासाठी ऑनलाइन लिलाव : पहिली बोली येण्याआधी काय ठरवायचं?



लिलाव आपल्याला नवा नाही. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो, गावच्या जत्रेत देवापुढच्या नारळाचा होतो, लालबागच्या राजाला आलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचाही दरवर्षी होतो. पण यात फरक आहे. कांद्याचा व्यापारी माल हातात घेऊन बघतो आणि पुढे विकायचा हिशोब करून बोली लावतो. जत्रेतल्या साध्या नारळाला हजारो रुपये मोजणारा माणूस नारळाची किंमत देतच नसतो. ते पैसे देवाच्या कामाला लागतील असा त्याचा विश्वास असतो, त्या विश्वासाची ती किंमत असते.

एखाद्या गंभीर आजारी किंवा अपघातात जखमी झालेल्या मुलासाठी केलेला लिलाव या नारळाच्या जातीचा. वस्तू निमित्तमात्र. त्यामुळे वस्तू कोणत्या ठेवायच्या हा प्रश्न नंतरचा. पैसा कुठे जाईल, किती लागेल आणि उरला तर काय, हे आधी.

पोलंडमधली दोन उदाहरणं बघू. (पोलंड म्हटलं की कोल्हापूरकरांना वळिवडे आठवणारच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे हजारो पोलिश निर्वासित राहत होते. असो.)

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत पिओत्र मालाखोव्स्की याला रौप्यपदक मिळालं. घरी परतल्यावर त्याने ते ऑनलाइन लिलावाला काढलं. एका तीन वर्षांच्या मुलाला डोळ्याचा कर्करोग होता आणि उपचार न्यूयॉर्कला व्हायचे होते. मुलाच्या आईने त्याला पत्र लिहिलं होतं. एक तृतीयांश रक्कम एका संस्थेने आधीच जमवली होती, उरलेले सुमारे ८४ हजार डॉलर हवे होते. लिलाव चालू असतानाच पोलंडमधल्या एका उद्योजक भावा-बहिणीने ती सगळी रक्कम द्यायची तयारी दाखवली आणि लिलाव मुदतीआधीच थांबला. (हा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, लहान वयात होतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत मुलाची बाहुली पांढरी चमकत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.)

दुसरं उदाहरण टोकियो ऑलिंपिकनंतरचं, ऑगस्ट २०२१ मधलं. भालाफेकीत रौप्य मिळवणाऱ्या मारिया आंद्रेइचिक हिने एका आठ महिन्यांच्या बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी पदक लिलावात ठेवलं. शस्त्रक्रिया अमेरिकेत व्हायची होती. सर्वात मोठी बोली झाब्का या दुकानांच्या साखळीची होती. त्यांनी पैसे दिले आणि पदक तिच्याकडेच राहू द्या, असं सांगितलं. वर्तमानपत्रांत हीच गोष्ट गाजली. मला मात्र त्यातला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. त्या बाळासाठी लागणाऱ्या पैशांपैकी जवळपास निम्मे आधीच जमले होते, आणि ते दुसऱ्या एका मुलासाठी गोळा झालेले होते. तो मुलगा उपचारापर्यंत पोहोचू शकला नाही. त्याच्या आईवडिलांनी तो निधी या बाळाकडे वळवला.

विचार करा. मूल गेलंय आणि खात्यात लोकांनी दिलेले पैसे पडून आहेत. त्या घरावर त्या दिवशी हा प्रश्न येऊन पडू नये. म्हणून लिलावाच्या पहिल्याच सूचनेत एक वाक्य हवं : रक्कम उरली किंवा वापरता आली नाही तर ती अमुक रुग्णालयातल्या दुसऱ्या मुलाच्या उपचाराला जाईल. पालकांशी हे बोलणं अवघड आहे, मान्य. तरी ते बोलावंच लागतं, आणि ज्यांचं त्या घराशी जाणं-येणं आहे अशा वर्गशिक्षिकेने एकटीने, घरी जाऊन बोललेलं बरं.

आता रकमेचं. रुग्णालयाकडून खर्चाचं लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यातून सरकारी मदत वजा करा. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शाळेत तपासणीला येणारं डॉक्टरांचं पथक असतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि त्यात जन्मजात हृदयदोषासारख्या आजारांच्या उपचारांची सोय आहे. शिवाय राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. ही चौकशी झाल्यावर कधी कधी पाच लाखांचा आकडा दीड लाखावर येतो. हे न करता लोकांपुढे हात पसरणं मला योग्य वाटत नाही.

पैसे शिक्षकाच्या किंवा मुख्याध्यापकांच्या खासगी खात्यावर, फोनच्या क्यूआर कोडवर घेऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी महिनाभरात कुजबुज सुरू होते. विजेत्याने थेट रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाचा नोंदणी क्रमांक टाकून रक्कम भरावी आणि पावतीचा फोटो पाठवावा. लिलाव शाळेच्या ओळखीबाहेर जाणार असेल तर आणखी एक गोष्ट. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घेतात, ती आपल्यालाही लागेल का हे त्या कार्यालयात विचारून घ्या. नाहीतर एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फतच लिलाव करा. आयकरातली देणगीची सवलतही मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, कुटुंबाला थेट दिलेल्या पैशांवर नाही. बोली लावणारे हे हमखास विचारतात.

प्रत्यक्ष लिलाव त्या मानाने सोपा. प्रत्येक वस्तूला किमान बोली आणि वाढीची पायरी ठरवा, म्हणजे ५०० पासून सुरुवात आणि दर वेळी किमान १०० ने वाढ. समोरासमोरच्या लिलावात 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणेपर्यंत वेळ असतो. ऑनलाइनमध्ये घड्याळ असतं आणि सगळे शेवटच्या मिनिटाची वाट बघत बसतात. त्यावर उपाय : शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की मुदत पाच मिनिटांनी वाढते, हा नियम आधीच जाहीर करायचा. व्हॉट्सॲप गटात बोली घेऊ नका. संदेश मागेपुढे होतात, कुणी पुसून टाकतं, मग वाद. ऑनलाइन फॉर्म ठेवा, त्यात वेळेची नोंद आपोआप होते. नावांऐवजी क्रमांक दाखवा, आणि बोली फक्त मोठ्यांनीच लावायची. विजेत्याने दोन दिवसांत पैसे भरले नाहीत तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला वस्तू जाते, हेही नियमात लिहा.

वस्तूंमध्ये मुलांची चित्रं ठेवायची कल्पना सगळ्यांना सुचते. ठेवा, पण एकेक नको. एका मुलाच्या चित्राला तीन हजार आणि शेजारच्या मुलीच्या चित्राला पन्नास रुपये आले, तर त्या मुलीने त्यातून काय समजायचं? सगळ्या वर्गाची चित्रं एका वहीत बांधा आणि वही एकच वस्तू म्हणून ठेवा.

राहिला फोटोचा प्रश्न. नळ्या लावलेल्या मुलाचा फोटो टाकला की पैसे लवकर येतात, असं लोक म्हणतात. येतही असतील. पण ते मूल बरं होऊन आपल्याच वर्गात येणार आहे. चौथीतला तो फोटो दहावीत कुणाच्या तरी मोबाइलवर सापडणारच. नाव, आजाराची कागदपत्रं, घरचा पत्ता यातलं काहीही जाहीर सूचनेत नको. 'आपल्या शाळेची पाचवीतली विद्यार्थिनी' एवढं पुरतं. ज्याला खात्री करायची आहे त्याला कागद शाळेत येऊन बघता येतील. मूल समजत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारा. ते 'नको' म्हणालं, तर शाळेचं नावसुद्धा न देता संस्थेमार्फत लिलाव करता येतो.

लिलाव संपल्यावर आठवडाभरात हिशोब लावा. वस्तू, अंतिम बोली, रुग्णालयात जमा झालेली रक्कम, कुरियरचा खर्च आणि तो कुणी केला, एवढं एका पानावर बसतं. ते पान शाळेच्या फलकावरही लावा, कारण सगळ्याच पालकांकडे स्मार्टफोन नसतो.