नवा कॅम्पस, पण किती लांब?

होर्डिंग तुम्हीही पाहिलं असेल. गणवेशातलं हसरं मूल, मागे निळाशार स्विमिंग पूल आणि मोठ्या अक्षरांत 'वी आर मूव्हिंग'. घोडबंदर रोड असो नाहीतर कल्याण-शीळ रोड, इंटरनॅशनल शाळा नव्या जागेत जाणार म्हटलं की जाहिरातीचा साचा ठरलेला. पूल दिसतो, हिरवळ दिसते, स्मार्ट बोर्ड दिसतो. एकच गोष्ट कधी दिसत नाही. तुमच्या घरापासून ही जागा किती लांब आहे?

तुम्ही म्हणाल, शाळा संपली आमची, आता आम्हाला काय त्याचं? पण घरात धाकटं भावंडं असेल, ताईची मुलगी असेल किंवा शेजारच्या काकू 'तू शिकलेली आहेस, जरा बघ ना' म्हणत शाळेचं माहितीपत्रक हातात देत असतील, तर हा विषय तुमचाच आहे. माझ्याकडे तो असाच आला.

शाळा हलतात का, हे आधी समजून घेऊ. बऱ्याच खासगी शाळा एखाद्या बंगल्यात किंवा इमारतीच्या तळमजल्यावर सुरू होतात. नर्सरी, ज्युनियर, सीनियर. दरवर्षी एक इयत्ता वर चढते आणि मुलं सातवी-आठवीत पोहोचेपर्यंत जागा संपते. लॅब कुठे काढायची? मैदान कुठून आणायचं? मग बोर्डाचे नियम पुढे येतात. सीबीएसईला प्रत्येक वर्गखोली किमान ५०० चौरस फुटांची लागते. भूखंडाची सर्वसाधारण अट आहे ८००० चौरस मीटरची, मोठ्या शहरांसाठी ती कमी होत जाते आणि मुंबईसारख्या महानगराला १६०० चौरस मीटरवर येते. आता नौपाड्यात किंवा डोंबिवलीच्या फडके रोडच्या आसपास एवढा सलग तुकडा शोधून दाखवा! मोकळी जमीन उरली ती कासारवडवली, ओवळा, काटई, निळजे अशा भागांत. त्यामुळे शाळा तिकडे सरकते. यात शाळेचा काही दुष्ट डाव असतो असं मला वाटत नाही. मुलांना मैदान मिळावं, हे कोणाला नको असेल?

पण हलताना कागदही हलावे लागतात, आणि पालकांचं लक्ष नेमकं तिथे जात नाही. सीबीएसईची संलग्नता शाळेला एका ठरावीक जागेसाठी मिळते. जागा बदलायची तर बोर्डाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. म्हणून 'आमची शाळा सीबीएसईशी संलग्न आहे' एवढं ऐकून थांबू नका. नव्या पत्त्यावर आहे का, ते विचारा. आणि नावातल्या 'इंटरनॅशनल' या शब्दावरून तर काहीच कळत नाही. जिनिव्हात १९६८ मध्ये सुरू झालेल्या आयबीची शाळा 'इंटरनॅशनल' असते, केंब्रिजची असते, आणि साधी सीबीएसईची शाळाही पाटीवर तोच शब्द लिहिते. बोर्ड कोणतं, हे पाटीवर नाही, संलग्नतेच्या पत्रावर वाचायचं.

फीचंही तसंच. महाराष्ट्राचा २०११ चा फी नियमन कायदा सांगतो की फी ठरवताना शाळेचं ठिकाण आणि तिथल्या सुविधा या दोन्ही गोष्टी विचारात घ्यायच्या. म्हणजे शाळा हलली की फी वाढवायला दोन कारणं एकदम मिळतात. फी मंजूर करायला पालक-शिक्षकांची कार्यकारी समिती असते. तिच्या बैठकीला जाणारे पालक किती, हे तुम्हीच आपल्या घरात विचारून बघा.

आता अंतराकडे येऊ. नौपाड्याहून कासारवडवली म्हणजे दहा-एक किलोमीटर. कागदावर काहीच नाही. पण घोडबंदर रोडवर कंटेनरच्या मागे रांगेत उभं राहिलेल्यांना दहा किलोमीटर म्हणजे काय ते माहीत आहे. डोंबिवली स्टेशन परिसरातून पलावाकडे जाणाऱ्यांना मानपाडा रोड आणि काटई नाका पाठ आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका, मुलांची झोप पुरी होत नाही. छान निर्णय. फक्त शाळा लांब गेली की मिळालेली ती झोप बसमध्ये जाते. नऊची शाळा आणि पावणेआठला गेटवर बस, यात पोराला काय मिळालं?

बसबद्दल एक उपयोगाची गोष्ट. २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि सोबत पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे अधिकारी. भाडं आणि बसथांबे हे तिचेच विषय आहेत. शाळा हलणार असेल तर या समितीची बैठक स्थलांतराआधी झाली पाहिजे, नंतर नाही.

या सगळ्यात ज्यांचं कोणी बोलत नाही, ती मुलं आरटीईची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांना, अल्पसंख्याक शाळा सोडून, प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. आठवीपर्यंत शिक्षण मोफत. महाराष्ट्रात अर्ज भरताना नकाशावर आपल्या घराची खूण करायची असते, कारण आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीन किलोमीटरपर्यंतची, असा क्रम लागतो. थोडक्यात, या प्रवेशाचा पायाच 'शेजारची शाळा' हा आहे.

ती शेजारची शाळाच दहा किलोमीटर दूर गेली तर?

घरकाम करणाऱ्या किंवा रिक्षा चालवणाऱ्या पालकांचं मूल लॉटरीत नंबर लागून दुसरीत-तिसरीत पोहोचलेलं असतं. फी सरकार भरतं, त्यासाठी राज्याने ठरवलेली रक्कम वर्षाला प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपये आहे. या हिशेबात बसभाडं नाही. ते घरच्यांनी द्यायचं किंवा रोज कोणीतरी टीएमटीने सोडायला-आणायला जायचं, म्हणजे त्या दिवसाची कमाई अर्धी करायची. मग दुसऱ्या शाळेत घाला, असं कोणी सहज म्हणेल. पण कायद्याचं कलम ५ वाचा. शाळा बदलून मागण्याचा हक्क त्यात आहे, पण खासगी विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्या आहेत. त्या मुलाला हक्काने जाता येतं ते सरकारी किंवा अनुदानित शाळेत. त्या शाळा वाईट असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. प्रश्न एवढाच, की शाळेने घेतलेल्या निर्णयापायी शाळा सोडायची वेळ वर्गातल्या कोणत्या मुलांवर येते? बाकीचे पालक कुरकुरत का होईना, बसचे पैसे भरतात.

आणि हे प्रवेशही सहज टिकलेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्दच केला. नियमातून झालेली गळती कोर्टात दिसली. स्थलांतरातून होणारी गळती मात्र कुठल्या याचिकेत येत नाही. त्या मुलांच्या दाखल्यावर फक्त 'शाळा सोडली' एवढंच येतं.

शाळा न हलता काय होतं, याचं उदाहरण ठाण्यातच आहे. पोखरण रोडवर जेके ग्राममधली सुलोचनादेवी सिंघानिया शाळा १९६९ ची. तेव्हा शेजारी रेमंडचा कारखाना होता. २००९ च्या सुमाराला तो बंद झाला आणि आता त्या जमिनीवर टॉवर उभे राहिलेत. शाळा जागेवर, शहर तिच्याभोवती बदललं. उलट बाजू बघायची तर मुंबईत १९८१ मध्ये सुरू झालेली अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे आज बीकेसी आणि कुर्ल्याची कोहिनूर सिटी अशा दोन ठिकाणी भरते. तिथे येणाऱ्या कुटुंबांना गाडी-ड्रायव्हरची चिंता कमी. ठाणे-डोंबिवलीतल्या 'इंटरनॅशनल' शाळांचे पालक बहुतेक आपल्यासारखे, कर्जाचा हप्ता आणि लोकलचा पास सांभाळणारे. तिथलं गणित इथे चालत नाही.

म्हणून शेजारच्या काकूंनी माहितीपत्रक पुढे केलं तर पूल राहू द्या. त्यांना तीन कागद मागायला सांगा: नव्या पत्त्याचं बोर्डाचं परवानगीपत्र, परिवहन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि सध्याच्या आरटीई मुलांना नव्या जागी आणायची सोय काय केली, त्याचं लेखी उत्तर. तिसरा कागद मिळायला वेळ लागेल. तोवर एखाद्या सोमवारी सकाळी साडेसातला घरून निघून नव्या कॅम्पसच्या गेटपर्यंत एकदा बसने जाऊन या, आणि जुलैतल्या एखाद्या मुसळधार पावसाच्या दिवशी पुन्हा.