स्त्री-अभ्यासाला रसद हवी

‘कॉलेजने स्त्री-अभ्यासावर पैसा का घालावा?’ असे मला विचारतात. माझे फौजी उत्तर सरळ आहे: टेहळणीशिवाय मोहीम आखता येत नाही.

१९७१ साली केंद्राने स्त्रियांच्या स्थितीच्या अभ्यासासाठी समिती नेमली. तिच्या अहवालाने लोकांना हादरवले. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३० उरल्या. देश पुढे सरकत होता आणि बायका घटत होत्या. १९७४ मध्ये मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू केले.

आता आमच्या सैन्याचे बघा. वैद्यकीय सेवेबाहेर महिला अधिकारी आल्या १९९२ पासून. बहुतेक शाखांत कायम कमिशनचा मार्ग मोकळा झाला तो २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. खेड्यांतले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला.

असे समज कोर्टात जाण्याआधी वर्गातच तपासले जावेत, मुलग्यांसमोरही. कॉलेजने कामाचा हिशेब जरूर मागावा. पण शिक्षकांची पदे कायम हवीत. दरवर्षी अनुदानाची वाट बघणारी तुकडी ठाणे राखू शकत नाही.