1204 अंशांची रेघ

अणुभट्टीतल्या इंधननळीची भिंत एक मिलिमीटरही जाड नसते. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, म्हणून अमेरिकी अणुपाणबुड्यांपासून हाच धातू रूढ झाला. 1969 मध्ये सुरू झालेल्या आपल्या तारापूरच्या भट्ट्यांतही तोच आहे. तीनशेक अंशांच्या पाण्यात तो वर्षानुवर्षे टिकतो. पाणी आटून नळी हजार अंशांवर गेली, की मात्र ती वाफेतला ऑक्सिजन ओढून घेते, हायड्रोजन सोडते आणि वर स्वतःच उष्णता ओतते.

या अभिक्रियेचा वेग 1962 मध्ये बेकर आणि जस्ट यांनी शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत सूत्रात बांधला. पण नळी टिकेल का, हा प्रश्न वेगळा होता. ती वितळते सुमारे 1850 अंशांना, आणि कामातून जाते त्याच्या कितीतरी आधी. ओक रिजच्या प्रयोगशाळेत हॉब्सन आणि रिटनहाउस वाफेत भाजलेल्या नळीच्या कड्या कापून त्या दाबून पाहत. ऑक्सिजन खोल मुरलेली कडी पापडासारखी मोडे. म्हणजे उशिरा पोचलेलं आणीबाणीचं गार पाणीच, भट्टी वाचवताना, नळ्यांचे तुकडे करू शकत होतं.

1972-73 मध्ये अमेरिकेत यावर जाहीर सुनावणी झाली आणि भरपूर खडाजंगीही. निघालेला नियम दोन आकड्यांचा: तापमान 1204 अंशांच्या आत, आणि ऑक्सिडीकरण भिंतीच्या जाडीच्या 17 टक्क्यांच्या आत. दोन्ही लागतात, कारण त्याहून जास्त तापमानात उरलेल्या धातूतही जास्त ऑक्सिजन विरघळतो आणि 17 टक्क्यांची हमी फोल ठरते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. पुढे जपानच्या प्रयोगांत दिसलं, की फुगून फुटलेल्या नळीत वाफ आतूनही शिरते, तिथे कोंडलेला हायड्रोजन धातूत मुरतो आणि फुटीच्या वर-खाली ठिसूळ पट्टे तयार होतात.

रेघ बरोबर होती. पाणी वेळेवर पोचेल हे तिचं गृहीतक होतं. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात चालकांनी आणीबाणीच्या पाण्याचा प्रवाहच कमी केला आणि जवळपास निम्मा गाभा वितळला. 2011 मध्ये फुकुशिमाला पंप चालवायला वीजच नव्हती. तिथे इमारतींची छपरं उडाली ती तापलेल्या नळ्यांनी सोडलेल्या हायड्रोजनने.

त्यानंतर नळ्यांवर क्रोमचा लेप देण्याच्या कामाने जोर धरला. लेपामुळे ऑक्सिडीकरण मंदावतं हे खरं, पण सुमारे 1330 अंशांना क्रोम आणि झिर्कोनियम मिळून वितळू लागतात. पंप चालू राहण्याला तो पर्याय नाही.